अडत दुकानासाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या संस्थापकाने स्वतः कोडिंग किती शिकावे?

नमस्कार. सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डातील हळद आणि बेदाण्याच्या अडत दुकानांसाठी, सौदा झाल्यावर शेतकऱ्याची पट्टी (विक्री, कपात आणि हाती येणारी रक्कम यांचा हिशेब) काढून देणारे सॉफ्टवेअर आमची लहानशी कंपनी तयार करत आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्याने कोड बाहेरच्या प्रोग्रॅमरकडून लिहून घ्यावा लागतो आणि हमालीचा दर बदलण्याचे काम दोन तासांचे की दोन आठवड्यांचे, हे त्यांच्या शब्दावरच मानावे लागते. म्हणून मी पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला घेतली आहे.

व्हिडिओ पाहताना सगळे समजते, पण कोरी फाइल उघडली की पहिली ओळ सुचत नाही. चॅटजीपीटीने दिलेला कोड चालतो. तो का चालतो हे मात्र मला सांगता येत नाही, आणि ज्या आकड्यांवर शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम ठरते, तिथे एवढ्यावर विसंबणे मला पटत नाही. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, कारण ०.१ हा अपूर्णांक संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत नेमका मांडताच येत नाही. त्यामुळे रकमेसाठी फ्लोटऐवजी (अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवणारा प्रकार) डेसिमल (दशमान पद्धतीत नेमका साठवणारा प्रकार) वापरतात किंवा रक्कम रुपयांऐवजी पूर्ण पैशांत साठवतात. एवढे कळल्यावर प्रोग्रॅमरला रक्कम कोणत्या प्रकारात साठवली आहे हे विचारता आले, आणि त्या चर्चेतून मला अभ्यासक्रमातील कित्येक धड्यांपेक्षा अधिक मिळाले.

असे नेमके प्रश्न विचारता येण्यापुरते शिकायचे असेल, तर पायथन पुढे न्यावे की आधी एसक्यूएल (डेटाबेसमधील माहिती हाताळण्याची भाषा) आणि डेटाबेसची रचना शिकावी? मला दुसरा मार्ग जवळचा वाटतो, कारण हळदीचा दर क्विंटलवर आणि बेदाण्याचा किलोवर निघतो, एकाच शेतकऱ्याचा माल अनेक खरेदीदारांकडे जातो आणि तोलाई-हमाली (वजन करण्याचा आणि माल उचलण्याचा खर्च) प्रत्येक वेळी वजा होते. हे सारे कोणत्या तक्त्यांत कसे मांडावे, यावरच पुढचा बराचसा कोड अवलंबून असणार. दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायला सुरुवात कुठून करावी, हेही अनुभवी सदस्यांनी सांगावे.

सांगली-मिरज परिसरातील कोणी, किंवा वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातील एखादा विद्यार्थी, योग्य मानधन घेऊन आठवड्यातून एकदा शेजारी बसून आमचा कोड माझ्याकडून वाचून घेण्यास तयार असल्यास कृपया इथेच कळवावे; सौद्यांचा हंगाम सुरू झाला की दिवसभर यार्डात थांबावे लागते, त्यामुळे संध्याकाळची वेळ सोयीची पडेल.