अहिराणीत कविता म्हणतो, लिंटन क्वेसी जॉन्सन कुठून ऐकू?

पांझराकाठ (धुळे)

मंडळी, गेल्या महिन्यात पुण्यात एका काव्यवाचनाला गेलो होतो. माझी कविता अहिराणीत. दुसऱ्याच कडव्याला निवेदकाने थांबवलं, "हेच जरा शुद्ध मराठीत म्हणाल का?" कवितेत माझी माय शेत निंदून घरी येते आणि ओट्यावर बसून बोलते. ती शुद्धात बोलायला लागली तर ती माझी माय राहत नाही. मी कागदाची घडी घातली आणि खाली उतरलो.

त्याच रात्री मित्राने लिंटन क्वेसी जॉन्सन हा बोलीत, वाद्यांसोबत कविता म्हणणारा कवी ऐकवला. निम्मे शब्द कळले नाहीत, तरी झोप लागली नाही. कुठून सुरुवात करू? आणि मागे वाद्य लावलं तर कविता कविता राहते का?

साउंडवाला (चोपडा)

भाऊ, कागद फाडला नाही ना? मग ठीक.

हा माणूस १९५२ साली जमैकातल्या चॅपलटनचा. लहानपणी आजीजवळ वाढला. आजीला वाचता येत नव्हतं, हा तिला बायबल वाचून दाखवायचा. त्याच्या आवाजातला तो संथ, ठाम चढउतार मला तिथलाच वाटतो. १९६३ ला लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये आईकडे आला. शाळेत असतानाच काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर्सच्या तरुण गटात गेला, पुढे लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात समाजशास्त्र शिकला. लिहिलं मात्र घरच्या बोलीत, आणि स्पेलिंगही तोंडातून निघतं तसंच. इंग्लंडला तो 'इंग्लन' लिहितो. २००२ मध्ये पेंग्विन प्रकाशनाने त्याला 'मॉडर्न क्लासिक्स' या मालिकेत घेतलं, तेही त्याच स्पेलिंगसकट.

१९७९ च्या अल्बममधल्या 'सनीज लेटा'पासून सुरुवात कर. तुरुंगातून मुलाने आईला लिहिलेलं पत्र आहे. आधी तुरुंगाचा पत्ता, मग नमस्कार, तब्येतीची विचारपूस, अगदी आपण लिहायचो तसं. मग धाकट्या भावाला पोलिसांनी विनाकारण धरलं ते येतं. मारहाण सुरू झाली की ओळी तुटतात, एका ओळीत एकच फटका. मी साउंडचं काम करतो, म्हणून सांगतो: तिथे बास नीट ऐक. रेगेत, म्हणजे जमैकातल्या त्या संगीतात, चाल बास (खालच्या सुराचं गिटार) चालवतो, गिटार मात्रांच्या मधल्या फटीत टिचकी मारतं, आणि शब्दांना मधे मोकळी जागा मिळते. संगीत डेनिस बोव्हेल या संगीतकारासोबतचं आहे. जॉन्सन लिहितानाच डोक्यात बास ऐकतो, त्यामुळे वाद्य मागाहून चिकटवल्यासारखं वाटत नाही. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच.

त्या वेळी तिकडे १८२४ च्या कायद्यातलं एक कलम वापरून नुसत्या संशयावर काळ्या पोरांना उचलत. ते १९८१ मध्ये रद्द झालं. आपल्याकडे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा होता. १९५२ ला गेला, पण संशय गेला नाही. माझ्याकडे वायरी ओढणारा पोरगा पारधी वस्तीतला आहे. गावात चोरी झाली की पहिली विचारणा त्याच्या दारात. एका लग्नाचं सामान उतरवताना त्याला मी या पत्राची गोष्ट मराठीत सांगितली. बराच वेळ तो केबल गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "दादा, मायला पत्र पोचलं का?"

केळीची_बाग (असोदा)

दादा, हे वाचून पोटात कालवलं.

पांझराकाठ, तुमच्या त्या निवेदकाला आमच्या गावची बहिणाबाई आठवायला हवी होती. तिला लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात जे तोंडून निघालं ते घरातल्यांनी उतरवून घेतलं. १९५१ ला ती गेली, पुस्तक १९५२ चं. तिची बोली लेवा, तुमची अहिराणी, दोन्ही वेगळ्या आहेत हे मान्य. पण 'माले', 'तुले' कुणी 'मला', 'तुला' करून छापलं असतं तर काय उरलं असतं?

सातपुडा (शहादा)

साउंडवाल्या भाऊंशी माझं थोडं जमत नाही. पांझराकाठने आत्ता वाद्य लावू नये. आमच्याकडे मोर्चात ढोल वाजतो तेव्हा पाय उचलतात, पण मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचत नाहीत. जॉन्सन बँडशिवायही म्हणतो. त्याचा १९९६ चा एक अख्खा अल्बम नुसत्या आवाजाचा आहे. जानेवारी १९८१ मध्ये लंडनच्या न्यू क्रॉसला एका वाढदिवसाच्या पार्टीत आग लागून १३ तरुण मुलं गेली, त्यावरची त्याची कविता नुसत्या आवाजात ऐका. आधी नाच, हसणं, गर्दी, मग एकदम आग. ढोलाने तो मधला थांबा झाकला जाईल.

पांझराकाठ (धुळे)

सगळ्यांचं वाचलं. काल रात्री मायला ओट्यावरच कविता म्हणून दाखवली, वाद्याशिवाय. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "इतली घाई कसाले करस?" मग माझीच एक ओळ तिने म्हणून दाखवली, मधे श्वास घेऊन. तो श्वास जिथे पडला तिथेच बास हवा, असं मला वाटलं.

साउंडवाले दादा, रविवारी चोपड्याला आलो तर मिक्सर तासभर मोकळा असेल का? मायलाही आणतो.