विषय: ‘शांग-ची’ लावूया का? (चित्रपट-संध्या)

नमस्कार मंडळी,

कोकणातल्या नेरूरहून लिहितेय. आपल्या टोरोंटोच्या चित्रपट-संध्येला ‘मारामारीचा सिनेमा नको’ असं नानांनी लिहिलंय, ते वाचलं. माझं मत ‘शांग-ची’ या मार्व्हलच्या सिनेमालाच आहे, आणि ते इथल्या प्रेक्षकांमुळे पक्कं झालंय.

सध्या जत्रांचे दिवस. रोज रात्री कुठे ना कुठे दशावतार असतोच. परवा जवळपास नाटक नव्हतं, म्हणून पोरांनी खळ्यात चादर बांधून हिंदीत डब केलेला ‘शांग-ची’ लावला. शेजारपाजारचे सगळे आले. त्यात एक आजोबा होते, एका दशावतारी कंपनीत वर्षानुवर्षं राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका, करणारे. ते पुढच्या बाकड्यावर बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत.

बसमधल्या मारामारीला पोरं ओरडत होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारावर ब्रेक निकामी झालेली बस, ती चालवणारी शाळेपासूनची मैत्रीण आणि हॉटेलात गाड्या लावणारा हा मुलगा, शांग-ची, पाच-सहा जणांना भारी पडतोय. त्यात तो अंगातलं जॅकेट कसं वापरतो ते बघा. मार चुकवता चुकवता ते उतरवतो, त्याच झटक्यात समोरच्याला गुंतवतो. हसू येतं आणि श्वासही रोखला जातो. ही जॅकी चॅनच्या वळणाची मारामारी आहे, आणि तशी असण्याला कारण आहे. साहसदृश्यांची जबाबदारी ज्यांच्याकडे होती ते ब्रॅड ॲलन जॅकी चॅनच्याच चमूत घडलेले. चित्रपट सप्टेंबर २०२१ मध्ये आला, त्याच्या जेमतेम महिनाभर आधी ते गेले. चित्रपट त्यांनाच अर्पण केलाय.

पण आजोबांना आवडलं ते सुरुवातीचं बांबूच्या वनातलं युद्ध. शांग-चीचा बाप वेनवू गाव जिंकायला येतो, वाट अडवायला एकटी यिंग ली, शांग-चीची होणारी आई, उभी. त्याच्या मुठी, तिचे उघडे तळवे. तो धडका देतो, ती त्याचाच जोर वळवून परत पाठवते. भोवती पानं गरगरतात. मध्येच त्याच्या चेहऱ्यावरचा राग उतरतो आणि तो तिच्याकडे बघतच राहतो. आजोबा म्हणाले, “ह्येका म्हणतत युद्ध. तोंडान बोलूक लागणा नाय.”

दशावतार ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. एक बाकडं, मागे पडदा, बाजूला पेटी, मृदंग, झांज. एवढ्यावर देव-दानवांचं युद्ध उभं राहतं. मृदंगाच्या थापेवर दोघं गोल फिरतात, तलवार आपटते ती तालात, आणि कोण खचलाय ते आधी पायांत दिसतं. संवाद लिहिलेले नसतात, ते नट तिथल्या तिथे रचतो. पण युद्धात बोलणं थांबतं आणि माणूस उघडा पडतो. ‘शांग-ची’त तेच घडतं. पुढे मावशी शांग-चीची आवळलेली मूठ हळूच उघडायला लावते, तेव्हा बापाची शिकवण आणि आईची शिकवण एका हाताच्या अंतरावर दिसते. म्हणून नाना, ही नुसती हाणामारी नाही. नक्की बघा.

– वहिनी

*

वहिनी,

मेल दोनदा वाचली. माझा आक्षेप रक्तपाताला होता. लहान मुलं असतात आणि नंतर पालक माझ्याकडे येतात. बांबूच्या वनाचं तुम्ही लिहिलंत ते मात्र पटलं. काल रात्री आम्ही दोघांनी बघितला.

टोनी लेउंगने उभा केलेला बाप, वेनवू, मनातून जात नाही. बायको गेल्यावर हा माणूस पोटच्या मुलाला मारेकरी व्हायला शिकवतो, आणि तरीही मेलेल्या बायकोच्या भासणाऱ्या हाकेमागे धावताना त्याची कीव येते. तुमच्याकडे त्याच्याबद्दल काय बोलले?

शेवटची वीस-पंचवीस मिनिटं मात्र मला जड गेली. ड्रॅगन, राक्षस, पाणी, सगळं संगणकाचं. बाप-लेक समोरासमोर होते तोवर मी पुढे सरकून बसलो होतो, नंतर मागे टेकलो.

– नाना

*

नाना,

शेवटाबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. आमच्याकडेही ड्रॅगन आल्यावर फक्त पोरं जागी होती. वेनवूच्या हातातली जादूची कडी निळ्याची नारिंगी होऊन बापाकडून लेकाकडे जातात तिथेच खरी गोष्ट संपते.

बापाबद्दल विचारलंत. बायका बराच वेळ गप्प होत्या. मग आमच्या काकू म्हणाल्या, “बायल गेली नि ह्येचा डोक्या फिरला. पण बापूस वायट नाय.” त्यावर माझी जाऊ चिडली, “वायट नाय कसो? पोराक खून करूक धाडल्यान!” मी जावेच्या बाजूची. दुःख खरं असलं तरी मुलाचं बालपण खाण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. पण टोनी लेउंग समोर असला की काकूंचंही पटतं, हीच त्याच्या कामाची ताकद.

– वहिनी

*

वहिनी, नाना,

माझंही मत ‘शांग-ची’ला. आपल्या टोरोंटोतल्या मुलांना शांग-ची झालेला सिमू लिऊ ‘किम्स कन्व्हिनियन्स’ या मालिकेपासून माहीत आहे. घरी एक भाषा, बाहेर दुसरी, आईबापांच्या अपेक्षा डोक्यावर, हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. सुरुवातीचा बराच भाग मँडरिन चिनीत आहे, तेव्हा आजी-आजोबांसाठी हिंदी डबच लावूया. दोन तास बारा मिनिटांचा आहे, म्हणजे सहाला सुरू केला तर जेवण साडेआठला. नाना, सभागृहाचं तुम्ही बघाल ना?

– अण्णा