मिक्सिन, कॉम्पोझिशन आणि ‘वारसा’: मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: प्रोग्रामिंगमध्ये इनहेरिटन्सला (एका क्लासने, म्हणजे ऑब्जेक्टच्या साच्याने, दुसऱ्याच्या मेथड घेणं) ‘वारसा’ रुळलाय. कॉम्पोझिशन आणि मिक्सिनला (दुसऱ्या क्लासमध्ये मिसळायचा छोटा क्लास) ‘रचना’ आणि ‘मिश्रण’ चालतील?

प्रतिसाद १: ‘रचना’ नको, डेटा स्ट्रक्चरलाही तेच म्हणतात. ‘घटकजोडणी’ बरं: एक ऑब्जेक्ट दुसऱ्याला पोटात ठेवतो आणि काम त्याच्यावर सोपवतो. खरी गफलत ‘वारसा’त आहे. वारसा मिळाला की आधीच्या मालकाचा संबंध संपतो. इथे मूळ क्लास जिवंत असतो आणि तो आतून कसा वागतो यावर आपलं कोड टांगलेलं राहतं. पायथनच्या डिक्टचा (की आणि तिची किंमत अशा जोड्यांचा साठा) उपक्लास करून ‘डंडर सेटआयटम’मध्ये (__setitem__, की साठवणारी मेथड; डंडर म्हणजे दुहेरी अंडरस्कोअर) प्रत्येक की लोअरकेस करा. साठा[की] = १ लिहिलं तर चालतं. अपडेट() किंवा कन्स्ट्रक्टरमधून आलेल्या की मात्र जशाच्या तशा बसतात, कारण सीपायथनमधलं (पायथनची नेहमीची, सीमध्ये लिहिलेली आवृत्ती) अपडेट आपल्या मेथडला विचारतच नाही. एररही येत नाही, हे जास्त वाईट.

प्रतिसाद २: म्हणून डिक्ट आत ठेवायचा आणि क्लास म्यूटेबलमॅपिंगवर (डिक्टसारख्या साठ्यांसाठी पायथनमधला तयार मूळ क्लास) उभा करायचा. गेटआयटम, सेटआयटम, डेलआयटम, इटर, लेन या पाच डंडर मेथड लिहा. पॉप, अपडेट, सेटडिफॉल्ट आयते मिळतात आणि या पाचांतूनच जातात. पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये त्यांना ‘मिक्सिन मेथड’च म्हटलंय. तोटा एवढाच, की हा ऑब्जेक्ट डिक्ट नसतो. जेसनचं डंप्स (ऑब्जेक्टचा जेसन मजकूर करणारं फंक्शन) टाइपएरर देतं. तिथे डिक्ट(साठा) द्या.

प्रश्नकर्ता: पण मिक्सिनही कंसात मूळ क्लाससारखाच लिहितात. मग तो वारसाच ना?

प्रतिसाद १: वाक्यरचनेने हो, हेतूने नाही. तो एकटा वापरायचा नसतो, म्हणून मी ‘पुरवणी’ म्हणेन. ‘मिश्रण’ म्हणजे मिसळून झालेला पदार्थ. मिक्सिन म्हणजे मिसळायचा जिन्नस. शब्द आलाय लिस्प भाषेच्या ‘फ्लेवर्स’ या ऑब्जेक्ट-प्रणालीतून, तोही आइस्क्रीममध्ये मिसळायच्या सुक्यामेव्या-बिस्किटांवरून.

प्रतिसाद २: पुरवणी मागे जोडतात, पायथनमध्ये मिक्सिन आधी लागतो! क्लास साठा(नोंदमिक्सिन, मूळसाठा) असा क्रम हवा आणि मिक्सिनच्या मेथडमध्ये सुपर() (रांगेतल्या पुढच्या क्लासची मेथड बोलावणारं) हवंच. उलटा लिहिलात तर मूळसाठ्याची मेथड आधी सापडते; तिच्यात सुपर() नसेल तर मिक्सिन गुपचूप मेलेला. शंका आली की साठाचा ‘डंडर एमआरओ’ (मेथड शोधायचा क्रम) छापून पाहा.

प्रतिसाद १: मान्य. रुबी भाषेत इन्क्लूड केलेलं मॉड्यूल (मेथडचा संच) क्लासच्या मागे लागतं, दोघांत एकाच नावाची मेथड असली तर क्लासची चालते. तिथे ‘पुरवणी’ चपखल. रुबी २.० मधलं प्रिपेंड मात्र मॉड्यूल क्लासच्याही पुढे बसवतं. त्याला सरळ ‘मिक्सिन’च म्हणू.