‘समस्त सीमाभाग’ म्हणजे नेमका कोण?

गावचं मराठी पत्रक काढायचं तर कोणासाठी, ह्यावर इथं चर्चा चाललीय. त्यात कोणीतरी म्हटलंय की ते ‘सीमाभागातल्या समस्त मराठी माणसांसाठी’ काढूया, ऐकायला भारी वाटतंय पण मला नाही पटत. निपाणीचा तंबाखूवाला आणि खानापूरच्या जंगलाकडेचा भातवाला, ह्यांचे रोजचे प्रश्न एक आहेत काय? आधी आजूबाजूची चार-पाच गावं धरा. पुण्या-मुंबईला गेलेल्यांचं म्हणाल तर त्यांना जत्रेची तारीख आणि फोटो पाहिजे असतात, ते व्हॉट्सअ‍ॅपवर मिळतंयच.

एक गोष्ट कोणी बोललं नाही, एकाच घरात दोन वाचक असतात. आमचे बाबा मराठी शाळेत शिकलेले, पेपर जाहिरातींसकट वाचतात पण जमिनीचा आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबाराच म्हणा) कन्नडमध्ये, पंचायतीची नोटीस कन्नडमध्ये, मग माझ्या पुतणीला हाक मारायची. तिला कन्नड झक्कास येतं (कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्यानं पहिली ते दहावी सगळ्याच शाळांत कन्नड शिकवायलाच लागतं), घरात मराठीच बोलते, पण शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळं मराठीचं अख्खं पान दिलं की बाजूला ठेवते. तिच्यासाठी काढायचं तर ऑडिओच करा की सरळ. मी तरी बाबांच्या वयाची माणसं धरीन आणि पहिल्या अंकात उताऱ्यातला कुठला रकाना काय सांगतो, वारस नोंदीला कुठले कागद लागतात हेच टाकीन. कवितांना उचगाव, कडोली, येळ्ळूरची साहित्य संमेलनं आहेतच, आणि कवी आपल्याकडं काय कमी आहेत होय!