मदत हवी आहे: उर्सुला बोग्नर खरंच होऊन गेल्या का? (बर्लिनकरांनी जरूर वाचा)

नमस्कार मंडळी,

२००८ साली बर्लिनच्या 'फेतिश' या छोट्या लेबलने (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीने) उर्सुला बोग्नर या कुणालाच माहीत नसलेल्या बाईंच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जुन्या टेप्स बाहेर काढल्या. सोबतची हकिकत अशी: जन्म १९४६, डॉर्टमुंड. शेरिंग या औषध कंपनीत नोकरी, संसार, मुलं आणि घरातच मांडलेला स्टुडिओ. रेकॉर्डिंग १९६९ ते १९८८ मधलं. १९९४ मध्ये त्या गेल्या. लेबल चालवणारे संगीतकार यान येलिनेक विल्नियसला निघाले असताना विमानात बोग्नरबाईंचा मुलगा भेटला म्हणे, आणि टेप्सचा पत्ता लागला.

हे सगळं येलिनेक यांनीच रचलं, असं बरेच जण म्हणतात. लेबलचं नावही विचारात पाडतं. फ्रेंच विचारवंत ब्रुनो लातूर यांचा हा शब्द 'वस्तुस्थिती' आणि 'पूजेची वस्तू' असे दोन फ्रेंच शब्द जोडून झालाय.

मला हे सोडवत नाही, कारण माझी आत्या. तीही ठाण्याला औषध कंपनीत होती. रात्री ओट्यावर टेपरेकॉर्डर ठेवून गायची. एका कॅसेटवर निळ्या बॉलपेननं '१४ जुलै ८६' लिहिलंय, आत मालकंसाच्या मधोमध कुकरची शिट्टी. ती गेल्यावरच आम्ही ते ऐकलं. बोग्नरबाईंची गोष्ट मी लगेच खरी मानली ती यामुळे, आणि आमच्या श्रवणसभेत तशीच सांगितलीही. पंधरा माणसांना. खोटी निघाली तर त्यांना तसं सांगायला हवं, आणि पुढच्या वेळी संगीतकार गीता साराभाई ऐकवेन. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) 'मूग' नावाचा सिंथेसायझर (विजेवर आवाज घडवणारं वाद्य) बसवून स्टुडिओ उभा केला, तिथे गीताबाईंनी खरंच काम केलं होतं. त्या टेप्सही कित्येक दशकं पडूनच होत्या.

आता नेमकी मदत. जर्मनीत मृत्यूच्या नोंदी ३० वर्षांनी अभिलेखागारात सगळ्यांना पाहता येतात. म्हणजे १९९४ च्या आता खुल्या असायला हव्यात. बर्लिनच्या अभिलेखागारात कुणी अशी नोंद शोधली आहे का? अर्ज जर्मनमध्येच करावा लागतो का? नेमकी तारीख ठाऊक नसताना नुसत्या नावावर शोधून देतात का? फी मी भरेन. जन्मनोंदीचा उपयोग नाही, ती ११० वर्षं बंद असते.