मृत्युपत्रातून गरीब रुग्णांसाठी देणगी : बेळगावात कागद कसा करावा?

शहापूरकर
एका निपुत्रिक विधवा बाईंच्या वतीने विचारतो आहे. वय ७४. शहापुरात घर, येळ्ळूर शिवारात पावणेदोन एकर भातशेती, एका बँकेत आणि दोन सोसायट्यांत ठेवी. घर आणि शेत यजमानांच्या पश्चात त्यांच्या नावावर चढलं. थोडा वाटा सांभाळ करणाऱ्या पुतण्याला आणि बाकी सगळं डायलिसिस किंवा कॅन्सरच्या गरीब रुग्णांसाठी द्यावं, अशी त्यांची इच्छा आहे. मृत्युपत्र मराठीत केलेलं चालतं का, की कन्नडच हवं? संस्था मिरजेची, म्हणजे महाराष्ट्रातली असली तर अडचण येते का? आणि बाकीच्या पुतण्यांनी हरकत घेतली तर कागद टिकेल का?

दिवाणी_बाजू
आधी घर आणि शेत त्यांच्याकडे कसं आलं ते तपासा, मजकुराचं नंतर. यजमान मृत्युपत्र न करता गेले आणि वारसाने नाव लागलं, तर हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम १४(१) प्रमाणे त्या पूर्ण मालक आहेत आणि हवं त्याला देऊ शकतात. पण यजमानांनी मृत्युपत्र केलं असेल आणि त्यात ‘पत्नीने हयातीपर्यंत उपभोग घ्यावा, पुढे अमक्याकडे जावे’ अशी ओळ असेल, तर कलम १४(२) आडवं येतं, म्हणजे त्यांचा हक्क हयातीपुरताच राहतो. तो जुना कागद वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरं, मिळकत वडिलोपार्जित होती का? दिरांबरोबर वाटणी झाली होती का? उताऱ्यावर एकटीचं नाव असलं म्हणून मालकी एकटीची ठरत नाही. वाटणी झाली नसेल तर यजमानांच्या हिश्शापुरतंच लिहिता येईल, आणि दाव्यात पहिला घाव तिथेच बसतो.

पुतणे हरकत घेतील हे धरूनच चाला. मृत्युपत्र नसतं तर नवऱ्याकडून आलेली मिळकत कलम १५(२) प्रमाणे नवऱ्याच्या वारसांकडेच गेली असती, आणि हे त्यांना माहीत असतं. म्हणून त्यांची नावं मृत्युपत्रात टाळू नका. ‘अमुक अमुक माझे पुतणे आहेत, त्यांची मला जाणीव आहे, या कारणाने त्यांना काही दिलेले नाही’ असं दोन ओळींत लिहा. कोर्ट शंका घेतं ती जवळच्यांचा उल्लेखच नसलेल्या कागदावर.

साक्षीदार किमान दोन हवेत. दोघांनीही बाईंना सही करताना पाहिलेलं असावं आणि बाईंच्या समोर स्वतःची सही केलेली असावी. कागद नोंदवलेला असला तरी पुढे कोर्टात किमान एका साक्षीदाराला उभं राहावं लागतं, तेव्हा ते पन्नाशीच्या आतले आणि गावातच राहणारे घ्या. ज्या संस्थेला द्यायचं तिचा विश्वस्त, डॉक्टर किंवा कर्मचारी साक्षीला अजिबात नको. त्याच दवाखान्यात दाखल असताना सही करणंही टाळा, दबावाचा आरोप फार सहज होतो. प्रकृती आणि समज ठीक असल्याचा दाखला बाहेरच्या डॉक्टरांकडून त्याच दिवशी घ्या.

संस्थेचं नाव हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग. ‘मिरजेच्या कॅन्सर हॉस्पिटलला’ असं लिहिलेलं असतं. दवाखान्याची पाटी एक, आणि मालक ट्रस्ट किंवा सोसायटी वेगळ्याच नावाची. पैसे घेण्याचा अधिकार त्या नोंदणीकृत संस्थेला. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मिळतो. कर्नाटकात बहुतेक संस्था १९६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली असतात, किंवा त्यांचं ट्रस्ट डीड सब-रजिस्ट्रारकडे नोंदलेलं असतं. पूर्ण नाव, क्रमांक, पॅन, पत्ता संस्थेकडून लेखी मागून घ्या. सीमेपलीकडची संस्था पूर्णपणे चालते, त्यात कायद्याची काहीच आडकाठी नाही. ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता) आहे का ते संस्था खरी आहे हे पाहण्यापुरतं बघा. मृत्युपत्रातल्या देणगीने बाईंचा आयकर वाचत नाही, आणि मृताच्या मिळकतीवर लागणारा कर (इस्टेट ड्युटी) आपल्याकडे १९८५ सालीच रद्द झाला.

मजकूर साधारण असा :

‘माझे कर्ज, अंत्यविधी व प्रशासनाचा खर्च आणि वर लिहिलेला माझ्या पुतण्याचा वाटा वजा जाता उरलेली सर्व मिळकत ______ (नोंदणी क्र. ____, पॅन ____) या संस्थेस गरीब रुग्णांच्या डायलिसिससाठी द्यावी. तो हेतू त्या वेळी शक्य नसल्यास संस्थेने गरीब रुग्णांच्या इतर उपचारासाठी वापर करावा. संस्था बंद झालेली किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन झालेली असल्यास तिच्या उत्तराधिकारी संस्थेस, तीही नसल्यास ______ या संस्थेस द्यावी. संस्थेच्या अधिकृत पदाधिकाऱ्याची पावती पुरेशी समजावी.’

‘डायलिसिसचं मशीन घ्यावं’ असं बांधून टाकू नका. पंधरा वर्षांनी त्या संस्थेला मशीन नको असेल, तंत्रज्ञाच्या पगाराला पैसे हवे असतील. पुतण्याचा वाटाही ठराविक रकमेत लिहिण्याऐवजी टक्क्यांत लिहा. आजचे पाच लाख तेव्हा किती उरतील?

चिक्कोडीचा बाँड रायटर
भाषेचं सांगतो. मृत्युपत्र कुठल्याही भाषेत करता येतं, आणि बाईंना वाचून समजेल त्याच भाषेत करावं. न कळणाऱ्या भाषेत सही घेतली हा विरोधकांचा आवडता मुद्दा असतो. नोंदणी कायदा १९०८, कलम १९ : अधिकाऱ्याला भाषा कळत नसेल *आणि* ती जिल्ह्यात सर्रास वापरात नसेल, तरच तो नाकारू शकतो. मराठी बेळगाव जिल्ह्यात सर्रास वापरात आहे. तरी काउंटरवर वाद घालत बसण्यापेक्षा कन्नड भाषांतर आणि मूळ कागदाची खरी नक्कल सोबत न्या. पुढे वारसा नोंदीलाही ते भाषांतर उपयोगी पडतं. चंदगड-गडहिंग्लजकडे जमीन असणाऱ्यांना सात-बाराच्या नोंदीसाठी मूळ मराठी कागदच सोयीचा.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही. पण या प्रकरणात जरूर करा. कावेरी पोर्टलवर (कर्नाटकातली ऑनलाइन दस्तनोंदणी) वेळ घ्या, आधार, पॅन आणि दोन्ही साक्षीदार घेऊन जा. बाई अंथरुणाला खिळल्या तर कलम ३१ खाली अर्ज देऊन सब-रजिस्ट्रारना घरी बोलावता येतं. आणखी एक, बाई हयात असेपर्यंत नक्कल फक्त त्यांना किंवा त्यांच्या मुखत्याराला मिळते. पुतणे ऑफिसात जाऊन बघून येतील ही भीती नको.

मिळकतीच्या परिशिष्टात घराचा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर, शेताचा सर्व्हे नंबर, हिस्सा आणि चतुःसीमा आजच्या उताऱ्यावरून उतरवा. जुन्या खरेदीपत्रावरून उतरवलेले नंबर पोटहिस्सा पडल्यावर जुळत नाहीत.

शहापूरकर
दोघांचे मनापासून आभार. शेत सरळ संस्थेच्या नावे लिहायचं का? आणि ठेवींवर पुतण्या नॉमिनी आहे. तिथे संस्थेचं नाव घालावं का?

दिवाणी_बाजू
शेत संस्थेला देऊ नका. ‘व्यवस्थापकाने विकून रक्कम संस्थेस द्यावी’ असं लिहा, आणि विकण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत द्या. व्यवस्थापक म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला त्यात नेमलेला माणूस, एक्झिक्युटर. दूरच्या रुग्णालयाला पावणेदोन एकर भात कसायचं कोणी? शेत कूळकायद्यात मिळालेलं असेल तर लँड ट्रायब्युनलच्या हुकमातल्या अटी आधी वाचा.

बँकेच्या ठेवीवर नॉमिनी व्यक्तीच असावी लागते, संस्था चालत नाही. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक मृत्युपत्राप्रमाणे ठरतो. पण बँक रक्कम पुतण्याच्या हातात देऊन मोकळी होते, आणि ती संस्थेला देणं त्याच्यावर राहतं. म्हणून मृत्युपत्राचा व्यवस्थापक आणि ठेवींचा नॉमिनी एकच विश्वासू माणूस ठेवा, शक्यतो पुतण्या नको. ज्याचा वाटा देणगीने कमी होतो त्याच्यावरच देणगी पोचवायचं ओझं टाकणं त्याच्यावरही अन्याय आहे. व्यवस्थापक वयाने लहान हवा, आणि पर्यायी नावही लिहा. सोसायट्यांतले नॉमिनीही त्याच दिवशी बदलून घ्या, पासबुकावर नोंद पाहूनच उठा.

खानापूर_रोड
इतर वाचणाऱ्यांसाठी : वरचं हिंदूंपुरतं. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एक तृतीयांशापर्यंतच देता येतं. ख्रिस्ती मंडळींना जवळचे नातेवाईक असताना धर्मादाय देणगीसाठी मृत्यूच्या निदान बारा महिने आधी मृत्युपत्र करण्याची अट होती. भारतीय वारसा कायद्याचं ते कलम ११८ सुप्रीम कोर्टाने २००३ साली घटनाबाह्य ठरवलं. जुने लोक अजून ती अट सांगतात, ती आता नाही. साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला दिलेलं मात्र ख्रिस्ती मृत्युपत्रात बाद होतं.

आणि नेत्रदान-देहदान मृत्युपत्रात लिहून भागत नाही. कागद तेराव्यानंतर उघडतात, डोळे सहा तासांत काढावे लागतात. त्याचा फॉर्म वेगळा भरा आणि घरच्यांना आजच सांगा.

चिक्कोडीचा बाँड रायटर
मूळ प्रत बाईंच्या एकटीच्या लॉकरमध्ये नको. लॉकर उघडायला बँक मृत्युपत्र मागते आणि मृत्युपत्र लॉकरमध्ये अडकलेलं असतं. मूळ प्रत व्यवस्थापकाकडे द्या. नोंदणी क्रमांक आणि तारीख एका चिठ्ठीवर संस्थेला कळवा आणि पोच घ्या. संस्थेला माहीतच नसेल तर ती मागायला येणार नाही.