पार्सर, क्रॅश, अलाइनमेंट, एंडियन: मराठीत काय लिहायचं?

ओसरी
पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी मराठीत एक टिपण लिहितोय. विषय असा: ब्राउझरच्या इंजिनातला सीएसएस (पानाचे रंग आणि मांडणी सांगणारी भाषा) वाचणारा भाग, म्हणजे पार्सर, एका प्रोसेसरवर बिनबोभाट चालतो आणि तोच कोड दुसऱ्यावर क्रॅश होतो. तो का होतो आणि हुडकायचा कसा? उदाहरणाला केएचटीएमएल घेतलंय. केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या कॉन्करर ब्राउझरचं हे जुनं इंजिन. ॲपलने २००३ मध्ये सफारी आणला तो याच्यावरच बेतलेला, त्या शाखेचं नाव वेबकिट. त्यामुळे हा कोड इंटेल, पॉवरपीसी, स्पार्क, आर्म अशा बऱ्याच प्रोसेसरांवर चालून झालाय.

शीर्षकातल्या चार शब्दांशी गाडी अडलीय. चारही इंग्रजी ठेवले तर माझ्या वाट्याला फक्त 'आहे' आणि 'होतो' उरतात. चारही बदलले तर पोरं विचारतील, सर, हा पेपर कोणत्या विषयाचा?

पाटीपेन्सिल
पार्सरसाठी लांब जायला नको. शाळेत बाई 'या शब्दाचं व्याकरण चालवा' म्हणायच्या, ते पार्सिंगच. जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांत याला पदपरिस्फोट म्हणतात: वाक्यातलं एकेक पद घ्यायचं, त्याची जात, लिंग, वचन, विभक्ती आणि वाक्यातलं काम सांगायचं. इंग्रजी पार्स हा शब्दही लॅटिनच्या 'पार्स' म्हणजे 'भाग' यावरूनच आलाय, तोही व्याकरणाच्या वर्गातूनच. संगणकवाल्यांनी तो नंतर उचलला.

दुपारचा चहा
पदपरिस्फोटक! विमानतळावर बॅगेत सापडला तर आत टाकतील.

पाटीपेन्सिल
हसा. पण पार्सर काय करतो हे सांगायला 'व्याकरण चालवतो' इतकं नेमकं दुसरं काही मला सुचत नाही. नाम पार्सरच राहू दे, क्रियापद मराठी घ्या. सीएसएसची फाइल म्हणजे स्टाइलशीट, तर: 'पार्सर स्टाइलशीटचं व्याकरण चालवतो: हा सिलेक्टर (कशाला लावायचं), ही प्रॉपर्टी (काय बदलायचं), ही तिची किंमत.' मुलाला पहिल्याच वाचनात कळेल.

गोटा
मी एम्बेडेडवाला (यंत्रांच्या पोटातल्या छोट्या संगणकांसाठी कोड लिहिणारा), त्यामुळे क्रॅशबद्दल बोलतो. वर्तमानपत्रं 'सर्व्हर कोसळला' लिहितात, शेअर बाजारही कोसळतो आणि दरडही. बोलताना आपण 'बंद पडला', 'उडाला', 'गंडला' यातलं जे तोंडाला येईल ते म्हणतो. गप्पांना चालतं, पण हुडकायला बसलात की तीन प्रकार वेगळे ठेवावेच लागतात.

पहिला, प्रोग्राम मेला. दुसरा, जिवंत आहे पण अडकलाय, म्हणजे हँग. तिसरा सगळ्यांत वाईट: मेला नाही, अडकला नाही, चुकीचं उत्तर देऊन पुढे गेला. याला मी 'बरळला' म्हणतो. तापात माणूस बरळतो तेव्हा आवाज नेहमीचाच असतो, म्हणून घरच्यांना उशिरा कळतं.

प्रोसेसर बदलला की एकच चूक यातल्या एका प्रकारातून दुसऱ्यात उडी मारते. समजा कोडने चार बाइटांची संख्या मेमरीतल्या भलत्याच पत्त्यावरून उचलली (भलता म्हणजे कसला, ते अलाइनमेंटपाशी येईल). इंटेल साध्या सूचनांना ती निमूट उचलून देतो, थोडा वेळ जास्त घेईल एवढंच. स्पार्क ऐकत नाही, तिथे प्रोग्राम बस एरर देऊन मरतो. (ही बस म्हणजे मेमरीकडे जाणारा रस्ता. पोरांना आधी एसटीच आठवणार.) जुना आर्म, पाचव्या आवृत्तीपर्यंतचा, मरतही नाही आणि बरोबरही देत नाही: चार बाइट फिरवून हातात ठेवतो. म्हणजे इंटेलवर चालला, स्पार्कवर मेला, आर्मवर बरळला. टिपणात तिन्हीला 'क्रॅश' म्हटलंत तर शोध सुरू व्हायच्या आधीच वाट चुकेल.

लिनक्सवर आर्मसाठी यावर एक कळ आहे. 'प्रॉक' या फोल्डरमधल्या 'सीपीयू'खाली 'अलाइनमेंट' नावाची फाइल असते. त्यात सांगता येतं की अशी उचल झाली तर गप्प बस, नोंद कर, दुरुस्त करून दे किंवा प्रोग्रामला मारणारा सिग्नल पाठव. शोधाशोधीत मी शेवटचा पर्याय निवडतो. बरळण्यापेक्षा मेलेला बरा, निदान कुठे मेला ते तरी कळतं.

ओसरी
'बरळला' घेतला! आता अलाइनमेंट. वर्ड प्रोसेसरात 'संरेखन' दिसतो, तोच वापरू का?

गोटा
नको. तुमचा पार्सर सीएसएस वाचतोय आणि सीएसएसमध्ये टेक्स्ट-अलाइन ही प्रॉपर्टी आहे. एकाच पानावर मजकुराचंही संरेखन आणि मेमरीचंही संरेखन आलं की मुलं बटण मध्यभागी आणायला धावतील.

लिंबूटिंबू
गॅरेजमुळे अलाइनमेंट शब्द गावोगाव पोचलाय की. टायर खाल्ला की कुणीही सांगतं, अलाइनमेंट करून घ्या.

पाटीपेन्सिल
पोचलाय, पण चाकाचा अर्थ घेऊन. इथे मुळात गणित काय आहे? चार बाइटांच्या संख्येचा पत्ता चारने भागला जायला हवा, आठ बाइटांच्या दशांश संख्येचा बहुधा आठने. मग सरळ म्हणा ना: पत्ता चारच्या पाढ्यात येतो की नाही? १२, १६, २० पाढ्यात, १८ पाढ्याबाहेर. 'पाढ्यातला पत्ता' आणि 'पाढ्याबाहेरचा पत्ता'.

गोटा
मानलं! मी उद्यापासून वापरणार. ज्युनिअरला तीनदा समजावून दमलो होतो.

केएचटीएमएलचं उदाहरण यात नीट बसवता येतं. ते क्यूटी या लायब्ररीवर उभं आहे आणि क्यूटीत एक अक्षर म्हणजे दोन बाइटांचा एक छोटा स्ट्रक्ट (एकत्र बांधलेल्या माहितीचा गठ्ठा). आर्मच्या जुन्या एबीआयनुसार (माहिती मेमरीत कशी मांडायची याचे ठरलेले नियम) जीसीसी हा कंपायलर कुठलाही स्ट्रक्ट चारच्या पाढ्यापर्यंत फुगवायचा, आत एकच शॉर्ट (दोन बाइटांची संख्या) असला तरी. म्हणजे दोन बाइटांचं अक्षर चार बाइटांची जागा अडवणार. आता पार्सरने हीच रांग 'दोन-दोन बाइट' असं गृहीत धरून वाचली, तर त्याला एक खरं अक्षर, मग एक भरताड, पुन्हा अक्षर, पुन्हा भरताड दिसेल. भरताड शून्य असलं तर तो समजेल की मजकूर संपला. पानावर रंग नाही, मांडणी नाही, आणि तक्रारही नाही. क्यूटीने यासाठी आर्मपुरतं त्या स्ट्रक्टवर 'पॅक्ड'ची, म्हणजे 'फुगवू नको' अशी, खूण लावली. त्याची किंमत अशी की कंपायलर मग पत्ता पाढ्यातला आहे असं मानत नाही, एकेक बाइट वेचत बसतो. पुढे नव्या एबीआयने ही फुगवाफुगवी बंद केली.

आणि इंटेलवर बसून पाढ्याबाहेरचा पत्ता पकडायचा असेल, तर जीसीसीचा साधा कास्ट-अलाइन इशारा तिथे तोंड उघडत नाही, कारण इंटेलला त्याचं सोयरसुतकच नाही. आठव्या आवृत्तीपासून त्याचा 'स्ट्रिक्ट' प्रकार आलाय, तो द्या.

दुपारचा चहा
एंडियन राहिला, म्हणजे संख्येचे बाइट मेमरीत कुठल्या टोकाकडून ठेवायचे ते. तो शब्द गलिव्हरच्या गोष्टीतून आलाय, उकडलेलं अंडं जाड टोकाकडून फोडायचं की बारीक, यावरून भांडणारे लोक. स्विफ्टने १७२६ साली लिहिलेलं संगणकशास्त्रज्ञ डॅनी कोहेनने १ एप्रिल १९८० च्या टिपणात संगणकाला लावलं. मराठीत 'थोरटोक्या' आणि 'लहानटोक्या' चालेल?

पाटीपेन्सिल
अंड्याची गोष्ट माहीत नसेल तर टोक कशाचं ते कळत नाही. त्यापेक्षा एकक, दशक, शतक घ्या, ते पहिलीपासून पाठ आहे. 'एकक आधी' म्हणजे लिटल एंडियन, इंटेलचा क्रम. 'एकक शेवटी' म्हणजे बिग एंडियन, पॉवरपीसीवरच्या मॅकचा आणि स्पार्कचा.

गंमत म्हणजे आपण संख्या बोलतो त्या 'एकक आधी'च. पंचवीस: आधी पाच, मग वीस. इंग्रजीत उलटं.

लिंबूटिंबू
पण एकशे पंचवीस? शंभर आधी, मग पाच, मग वीस. हा कुठला क्रम?

गोटा
अहो, हा तर जुन्या आर्मचाच! थट्टा नाही. त्या जुन्या एबीआयत आठ बाइटांची दशांश संख्या अशीच ठेवत: मोठा अर्धा भाग आधी, मग लहान, पण प्रत्येक अर्ध्याच्या आत बारीक बाइट आधी. वेबकिटच्या कोडात त्याला 'मिडल एंडियन' असं वेगळं नाव द्यावं लागलं होतं. दशांश संख्येचे कच्चे बाइट हाताने लिहिणारा कोड तिथे तिसरा क्रम सांभाळायचा. ओसरी, 'एकशे पंचवीस क्रम' लिहा, मुलं मरेपर्यंत विसरणार नाहीत.

लिंबूटिंबू
एक शंका. स्टाइलशीटमध्ये देवनागरी असली तर काही फरक पडतो का? आमच्या एका पानावर श्लोकानंतर ॥ येण्यासाठी ते कंटेंट प्रॉपर्टीत लिहिलंय.

गोटा
केएचटीएमएलसारखा पार्सर दोन-दोन बाइटांची अक्षरं वाचतो, तिथे नाही. पण हाताने लिहिलेला, एकेक बाइट वाचणारा छोटा पार्सर असेल तर पडतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ॥ चे बाइट २२४, १६५, १६५. सी भाषेत साधा 'कॅर' (एका बाइटाचा प्रकार) ऋण असू शकतो की नाही, हे प्लॅटफॉर्मवर सोडलंय. लिनक्सवर इंटेलला तो ऋण होतो, आर्मला नाही. म्हणून त्याच २२४ चा इंटेलवर उणे ३२ होतो, आणि पार्सरने तो तक्त्यातला क्रमांक म्हणून वापरला की तक्त्याच्या अलीकडची मेमरी वाचली जाते. इथे आर्म शहाणा आणि इंटेल बरळणारा किंवा मरणारा. इंग्रजी स्टाइलशीट घेऊन चाचणी केली तर ही चूक सापडणारच नाही, सगळे बाइट १२७ च्या आतच राहतात.

दुपारचा चहा
प्लॅटफॉर्मला काय म्हणायचं? मंच? फलाट?

पाटीपेन्सिल
फलाट म्हणजे प्लॅटफॉर्मच, वेश बदललेला. राहू द्या तसाच.

ओसरी
टिपणाची सुरुवात अशी केलीय, तपासा:

'पार्सर स्टाइलशीटचं व्याकरण चालवतो. तेच व्याकरण चालवताना तो इंटेलवर चालतो, स्पार्कवर मरतो आणि जुन्या आर्मवर बरळतो, कारण त्याने पाढ्याबाहेरच्या पत्त्यावरून संख्या उचललेली असते.'

गोटा
'तेच व्याकरण चालवताना तो इंटेलवर चालतो' मध्ये चालणं दोनदा आलं. इंटेलवर 'निभावतो' करा. चूक तिथेही आहेच, फक्त खपून जाते.